अण्णा रात्री अकरापर्यंत टँकसमोर बसतात. मग टँकची लाइट किती वेळ लावायची?

वाचक ताईंचं पत्र:

नमस्कार दादा,
आम्ही परभणीला राहतो. सासूबाई गेल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गावाकडून इकडं घेऊन आलो. त्यांची सगळी हयात शेतीत गेली. शेताला रात्रीची लाइट असायची म्हणून रात्र-रात्र दारं धरायची, म्हणजे पिकाला पाणी द्यायची सवय, त्यामुळं अजूनही त्यांना लवकर झोप येत नाही. माझ्या मुलानं (नववीत आहे) मार्चमध्ये फिश टँक घेतला, अडीच बाय एक बाय सव्वा फुटाचा. आता तो मुलाचा कमी आणि अण्णांचा जास्त झालाय. सकाळी सातला चहा घेऊन त्याच्यासमोर बसतात. रात्रीचं जेवण झालं की परत तिथंच, अकरापर्यंत. लाइट बंद करायला गेलं की म्हणतात, "राहू दे चालू, मी बघायलोय." अशी ती चौदा-पंधरा तास चालू असते. गेल्या महिन्यापासून पाणी हिरवं पडलंय, पलीकडचं दिसत नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. गप्पी आणि मॉली आहेत. ॲमेझॉन स्वॉर्डची दोन रोपं लावली होती, त्यांची पानं पिवळी पडून विरघळली. दुकानदार म्हणतो लाइट कमी पडतेय, ४८ वॅटची घ्या. मुलाला रंग बदलणारी आरजीबी हवीय. मिस्टर म्हणतात टँकच देऊन टाका. पाणी बोअरचं आहे. टँक खिडकीजवळ आहे, सकाळी तास-दीड तास ऊन येतं. कोणती लाइट घेऊ? अण्णांचं मन न मोडता हे जमेल का? पोळ्याला ते चार दिवस गावी जाणार आहेत.

सल्ला:

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा टँकसाठी आणि एकदा अण्णांसाठी. पहिली गोष्ट, टँक देऊन टाकू नका. शिवार सोडून शहरातल्या खोलीत आलेल्या माणसाचा जीव कशात तरी रमलाय. तो विरंगुळा काढून घ्यावा इतकं तुमच्या टँकचं काही बिघडलेलं नाही.

दुसरी गोष्ट, लाइट घ्यायला आज दुकानात जाऊ नका. तुम्ही जेवढी लक्षणं लिहिली आहेत, त्यातलं एकही उजेड कमी पडल्याचं नाही. पाणी हिरवं झालंय ते उजेड जास्त झाल्यामुळं. स्वॉर्डची पानं विरघळली त्याचं कारण वेगळंच आहे, ते पुढं सांगतो. ४८ वॅटची लाइट आणून पंधरा तास लावलीत तर आठवड्याभरात मासेही दिसेनासे होतील.

लाइट घेताना आपण विचार उलट्या बाजूनं करतो. आधी रंग बघतो, मग वॅट विचारतो, आणि ती किती तास लावायची हे कुणी विचारतच नाही. माझ्या मते तास आधी ठरवावेत, मग उजेडाचा जोर, आणि रंग सगळ्यात शेवटी.

तासांचंच बघू. टँकच्या लाइटची गरज नेमकी कुणाला असते? माशांना फारशी नसते. खोलीत दिवसा जो उजेड येतो तेवढ्यावर गप्पी आणि मॉली मजेत राहतात. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" असं आपल्याकडच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. ते गप्पी हौदात आणि टाक्यांत राहतात, तिथं त्यांना कोण लाइट लावतं? लाइटची खरी गरज दोघांनाच, पाण्यातल्या झाडांना आणि समोर बसून बघणाऱ्या माणसाला. झाडांना सहा ते आठ तास पुरतात. माशांना मात्र अंधार लागतो, आणि तो रोज लागतो. त्यांना पापण्या नसतात, डोळे मिटून उजेड टाळणं त्यांच्या हातात नाही. झेब्रा डॅनिओ हा आपल्याकडं दुकानात मिळणारा पट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा. अखंड उजेडात ठेवला तर त्याची झोप मोडते, असं अभ्यासात दिसून आलंय. रात्रभर निळी लाइट लावून ठेवायची जी पद्धत पडलीय, ती मला म्हणूनच पटत नाही. दिसायला छान दिसतं, पण माशांच्या ती जिवावर येते.

आता अण्णांचं वेळापत्रक घ्या. ते सकाळी सातला बसतात आणि रात्री जेवल्यावर बसतात. भर दुपारी ते टँकसमोर नसतीलच, असले तरी त्या वेळी खोलीत उजेड असतो. म्हणजे दुपारचे सात-आठ तास लाइट कुणासाठीच जळत नाही. सकाळी ७ ते ९:३० आणि संध्याकाळी ६:३० ते ११ अशी विभागणी करा. बेरीज सात तास. झाडांना पुरेसे, माशांना अकरा ते सात पक्की रात्र, आणि अण्णांचं एक मिनिटही कमी होत नाही. मध्ये असा खंड पडला तर झाडांचं काही बिघडत नाही, माशांचंही नाही.

अण्णांना हे "लाइट बंद करा" म्हणून सांगू नका. त्यांना पाळी म्हणून सांगा. कुठल्या वाफ्याला किती वेळ पाणी द्यायचं आणि बारं कधी मोडायचं, हे ज्यांनी जन्मभर सांभाळलं, त्यांना उजेडाची पाळी समजावून सांगावी लागणार नाही. पाणी जास्त झालं की पीक पिवळं पडतं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

हिरव्या पाण्याचंही त्यांनाच विचारा. विहिरीचं पाणी सहसा हिरवं होत नाही आणि शेततळ्याचं होतं, असं का? शेततळं उघडं असतं, दिवसभर ऊन खातं, शेतातलं खत वाहून त्यात उतरतं. विहिरीत ऊन फक्त मध्यान्हीला खाली पोचतं. जुनी खोल बारव आत डोकावून बघितली तर पाणी काळंशार आणि नितळ दिसतं, ते याच कारणानं. तुमचा टँक म्हणजे सध्या एक छोटं शेततळं आहे. पंधरा तासांची लाइट, वर सकाळचं दीड तास ऊन, आणि खत म्हणून माशांची घाण आणि उरलेलं खाणं. बोअरच्या पाण्यातही नायट्रेट असू शकतं, आणि नायट्रेट म्हणजे शेवाळाला युरियाच. या सगळ्यावर एकपेशीय शेवाळ पोसतं आणि पाण्यात तरंगत राहतं. ते इतकं बारीक असतं की फिल्टरच्या स्पंजमधून आरपार निघून जातं. नुसतं पाणी बदललं की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असा तुम्हालाही अनुभव आला असेल.

पहाटे मासे वर येतात तेही याच्याशी जोडलेलं आहे. उजेड असताना शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, अंधार पडला की तेच शेवाळ तो वापरायला लागतं. इतकं दाट शेवाळ असलं की पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू अगदी कमी होतो. मत्स्यशेती करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, ते पहाटेच तळ्यावर चक्कर मारतात. म्हणून आज रात्रीपासूनच हवेचा पंप चालू ठेवा, रात्रभर. नसेल तर तो आणा; नव्या लाइटच्या आधी पैसे त्याच्यावर घाला.

पोळ्याचे चार दिवस हाच तुमचा मोका आहे. अण्णा निघाले की टँकमधलं एक तृतीयांश पाणी बदला, लाइटची पिन काढा आणि टँक चारी बाजूंनी जाड चादरीनं झाका. घरात घोंगडी असेल तर उत्तम. वरच्या बाजूला हवा जाईल एवढी फट ठेवा, पण उजेड जाऊ देऊ नका. फिल्टर आणि हवेचा पंप चोवीस तास चालू राहिला पाहिजे, कारण मरणारं शेवाळ कुजताना प्राणवायू खातं. मोठे निरोगी मासे चार दिवस खाण्याविना सहज राहतात, त्यामुळं खाणं बंद. मध्येच चादर उचलून बघू नका. मुलाला हे बजावून सांगा, कारण तोच बघणार. चौथ्या दिवशी चादर काढा, अर्धं पाणी बदला. बोअरचं पाणी आदल्या रात्री बादलीत किंवा ड्रममध्ये भरून त्यात हवेची नळी सोडून ठेवलेली बरी. महापालिकेचं पाणी वापरणार असाल तर अँटिक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय ते टँकमध्ये जाऊ देऊ नका. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धरू नका, त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

खाण्याचं तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण टँकसमोर बराच वेळ बसणारा माणूस सारखा चिमटी-चिमटी टाकत असतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. मासे काचेजवळ आले की हात आपोआप डबीकडं जातो. अण्णांना अडवू नका. सकाळी एका छोट्या डबीत दिवसाचं माप काढून ठेवा, दोन मिनिटांत संपेल एवढ्या दोन चिमटी, आणि मोठी डबी वर ठेवा. टाकायचं त्यांनीच, त्यांच्या हातानं.

आता उजेडाचा जोर. तुमचा टँक मापानं ८८ लिटरच्या आसपास जातो. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर खरं पाणी ७० लिटर धरा. वॅटवर हिशोब करायची पद्धत ट्यूबलाइटच्या काळातली आहे, तेव्हा सगळ्या ट्यूब साधारण सारख्याच उजेड द्यायच्या. एलईडीत ते जमत नाही, त्यात ल्युमेन, म्हणजे लाइट प्रत्यक्ष किती उजेड देते ते माप, बघावं लागतं. साध्या, हळू वाढणाऱ्या झाडांना एका लिटरला १५ ते २० ल्युमेन पुष्कळ झाले. ७० लिटरला हजार ते चौदाशे. बरी एलईडी एका वॅटला ९० च्या आसपास ल्युमेन देते, म्हणजे तुम्हाला १२ ते १६ वॅट हवेत. दुकानदाराची ४८ वॅटची लाइट खरोखर ४८ वॅटची असेल तर ती चार हजारांच्या वर ल्युमेन देईल, लिटरला साठ. एवढा उजेड पेलायला टँकमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि रोजचं खत लागतं. मुलगा यूट्यूबवर जे हिरवेगार गालिचे बघतो ते तसलेच टँक. जपानच्या ताकाशी अमानो यांनी ही कला जगभर नेली. ती शिकण्यासारखी आहे, पण तिचा तोल रोज सांभाळावा लागतो. अण्णांच्या टँकसाठी ती नको.

"खरोखर ४८ वॅटची असेल तर" असं मी मुद्दाम लिहिलं. खोक्यावरचा आकडा बघू नका. लाइटबरोबर येणारा ॲडॅप्टर हातात घ्या आणि त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. आउटपुटसमोर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार करा; १८. त्या ॲडॅप्टरवर ती लाइट १८ वॅटच्या वर जाऊच शकत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. मुलगा नववीत आहे, विजेचा हा गुणाकार त्याला येतो. दुकानात त्यालाच करायला लावा. आणि घरी जी लाइट आहे तिचा ॲडॅप्टर आधी असाच बघा. तो १२ ते १८ वॅटच्या आत असेल तर तुम्हाला नवी लाइट घ्यायची गरजच नाही. सात तासांवर आणली की तीच लाइट योग्य होईल.

घ्यायचीच झाली तर लांबी टँकच्या लांबीजवळ असू द्या, म्हणजे दोन-सव्वादोन फूट, नाहीतर मध्ये झोत आणि कोपऱ्यांत काळोख असं होतं. पाय वर-खाली करता येणारे असावेत, डिमर असेल तर फारच चांगलं. लाइट चार बोटं वर उचलली की जोर कमी होतो आणि उजेड पसरतो, तेवढ्यानंही पुष्कळ काम होतं. पाण्याजवळ राहणारी वस्तू आहे, म्हणून आयपी६७ किंवा आयपी६८ (आत पाणी शिरत नाही याची खूण) असं लिहिलेलं बघा.

वर काचेचं झाकण असेल तर ते एकदा उन्हात धरून बघा. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की थेंब उडून-उडून काचेच्या आतल्या बाजूला पांढरा थर धरतो. लाइट चांगली असते आणि काच धूसर असते. मग लोक म्हणतात लाइट जुनी झाली. टँकवरून झाकण काढून त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळा, दहा मिनिटांनी धुवा. हे महिन्यातून एकदा केलं की पुरे.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. खोक्यावर ६५०० के लिहिलेली पांढरी लाइट घ्या, घरातल्या बल्बवर ज्याला कूल डेलाइट म्हणतात तीच. "प्लांट लाइट" म्हणून वेगळी जांभळी लाइट घ्यायचं कारण नाही. पांढरी एलईडी मुळात निळ्या एलईडीवर पिवळ्या रसायनाचा लेप देऊनच बनते, म्हणजे झाडांना लागणारा निळा त्यात असतोच. (तो निळा एलईडी शोधणाऱ्या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, मुलाला सांगा.) गडद निळ्या लाइटी समुद्रातल्या प्रवाळांसाठी असतात, त्या आपल्या कामाच्या नाहीत. मुलाला आरजीबीच हवी असेल तर त्याचं मन मोडू नका. पांढऱ्या दिव्यांबरोबर लाल, हिरवे, निळे दिवे असलेली लाइट मिळते. तिच्यात माशांचे रंग खरंच खुलून दिसतात. तेवढा रंग बदलत राहणारा मोड वापरायचा नाही. मासे त्यानं बिचकतात आणि अण्णांच्या डोळ्यांनाही तो त्रासाचा. टँकच्या पाठीला काळा किंवा गडद निळा कागद चिकटवा. त्यावर मॉलीचा रंग उठून दिसतोच, वर खिडकीचं सकाळचं ऊनही अडतं. खिडकी टँकच्या बाजूला असेल तर त्या काचेवर पुठ्ठा लावा. श्रावणात ढग असतात म्हणून ऊन जाणवत नाही, पण दिवाळीनंतर जाणवेल.

स्वॉर्डचं सांगायचं राहिलं. ही रोपं नर्सरीत बहुतेक वेळा पाण्याच्या वर, ओल्या हवेत वाढवतात. ती पाण्यात बुडवली की हवेतली जुनी पानं गळतात आणि मग पाण्याला साजेशी नवी पानं फुटतात. तुम्ही ती रोपं फेकून दिली नसतील तर मुळाशी बोट घालून बघा. मधला कोंब कडक आणि हिरवा असेल तर रोप जिवंत आहे. स्वॉर्ड मुळांनी खातं, नुसत्या खडीत त्याला काही मिळत नाही. मुळाशी खताची एक गोळी पुरा. नवीन झाडं घ्यायची तर अनुबियास आणि जावा फर्न घ्या. कमी उजेडात राहतात, क्षारांच्या जड पाण्याला दबत नाहीत. ती खडीत पुरायची नाहीत, त्यांचा आडवा कंद दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधायचा. पुरला की सडतो.

लाइट लावण्या-घालवण्याचं काम टायमरला द्या, म्हणजे रोज रात्री "बंद करू का" हा प्रश्नच निघणार नाही. पण आपल्याकडं वीज जाते, आणि फिरत्या तबकडीचा साधा टायमर विजेबरोबर थांबतो. दोन तास वीज गेली की तो दोन तास मागं पडतो, आणि आठवड्याभरात टँकमध्ये रात्री दोनला उजाडतं. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, वीज गेली तरी त्याचं घड्याळ चालू राहतं. इन्व्हर्टरवर मात्र हवेचा पंप घ्या, टँकची लाइट नको. उजेडाविना मासे आठवडा काढतील, हवेविना उन्हाळ्यातली एक रात्रही अवघड जाते.

रात्री टँकची लाइट बंद होईल तेव्हा खोलीतली लाइट दहा-पंधरा मिनिटं चालू असू द्या. एकदम मिट्ट काळोख झाला की मॉली उधळतात, काचेवर आपटतात. सकाळीही तसंच, आधी खोलीत उजेड, मग टँकमध्ये. आणि अकरानंतरही अण्णांना झोप येत नसेल तर खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात झिरोचा पिवळा बल्ब लावा. टँकवर त्याचा झोत पडणार नाही, पण डोळे सरावले की मासे तळाशी स्थिर उभे राहिलेले दिसतात. मासे झोपलेले कसे दिसतात ते फार थोड्या लोकांनी पाहिलेलं असतं. ज्यांनी रात्रीच्या रात्री पाण्याच्या काठी काढल्या, त्या अण्णांना ते बघायला आवडेल असं मला वाटतं.

विजेचं एक कळकळीनं सांगतो. पूर्वी टँकवर ट्यूबलाइट असायची, तिचा चोक लाकडी पेटीत. माझ्या पहिल्या टँकच्या वायरवरून पाणी ओघळत होल्डरपर्यंत गेलं होतं. ओला हात लागला आणि खांद्यापर्यंत झटका बसला. त्या दिवसापासून टँकची प्रत्येक वायर बोर्डाकडं जाण्याआधी मी खाली झोळासारखी सोडतो, म्हणजे वायरवरून येणारा थेंब सर्वांत खालच्या टोकाला गळून पडतो, बोर्डात शिरत नाही. तुमच्याकडं हा झोळ आहे का ते आजच बघा. ॲडॅप्टर टँकच्या वर ठेवू नका. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या. अण्णांचा हात दिवसातून दोनदा त्या पाण्याजवळ जाणार आहे. आणि कुणीही टँकमध्ये हात घालण्याआधी सगळ्या पिना काढायच्या, हा घराचा नियम करा.

उन्हाळ्यात, पारा ४२ च्या वर गेला की, सकाळची पाळी थोडी वाढवा आणि संध्याकाळची आठनंतर सुरू करा. काचेचं झाकण काढून जाळी घाला आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा, त्यानं पाणी दोन-तीन अंश उतरतं. उडालेल्या पाण्याची भर बोअरच्या पाण्यानं करू नका, घरातल्या आरओ फिल्टरचं पाणी घाला, नाहीतर क्षार साठत जातात. बोअरचं पाणी पाणी बदलण्यापुरतं.

आता पुन्हा पोळ्याकडं येतो. चार दिवसांच्या अंधारानं पाणी निवळेल, पण बोअरमधूनच नायट्रेट येत असेल तर शेवाळाला वाव राहतोच. ते खाऊन टाकायला भराभर वाढणारं काहीतरी पाण्यात हवं, आणि ते विकत आणायची गरज नाही. गावच्या ओढ्यात किंवा तलावाच्या कडेला सध्या पाणी असेल तर तिथं लांब दोऱ्यासारखी, अंगभर बारीक पानांच्या झुपक्यांची हिरवी वेल पाण्यात बुडालेली सापडते. ती हायड्रिला. लोक तिलाही शेवाळच म्हणतात, पण ती झाड आहे. अण्णांना मूठभर आणायला सांगा. जिथं कपाशीवर किंवा सोयाबीनवर फवारणी चालू आहे त्याच्या खालच्या अंगाची नको, वरच्या अंगाची हवी. हे त्यांना नुसतं सांगितलं की कळेल. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घातली की परभणीपर्यंत टिकते. घरी आल्यावर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, धुवा, आणि उजेडातल्या बादलीत आठ-दहा दिवस वेगळी ठेवा, रोज पाणी बदलून. बारीक गोगलगाई आणि किडे असतील तर त्यात कळतात. मग टँकमध्ये सोडा. पुरायची गरज नाही, तरंगली तरी वाढते. आठवड्याला वितभर वाढली की छाटा. छाटलेली मात्र नाल्यात किंवा नदीत टाकू नका, उन्हात वाळवून कुंड्यांत घाला.